एका चुळीचा इतिहास

गेल्या महिन्यांत दांत स्वच्छ करून घेण्यासाठीं आम्हांस एका दंतवैद्याकडे जावें लागलें. यंत्र हातीं घेण्यापूर्वीं त्यांनीं एक लहानसा पेला आमच्यापुढें केला व त्यांतील औषधी पाणी मिनिटभर तोंडांत खळबळवावयास सांगितलें. "हें आमच्या हितासाठीं कीं आपल्या?" असें आम्हीं विचारतां ते हंसून म्हणाले, "दोघांच्याही. आणि आपल्यानंतर या खुर्चींत बसणारासाठींही." या उत्तरानें त्या क्षुल्लक चुळीची वंशावळ शोधण्याचा मोह आम्हांस झाला.

चूळ भरणें आपणांस नवीन नाहीं. सुश्रुतसंहितेंत तिचे दोन भेद सांगितले आहेत: तोंडांतला द्रव हलवितां येऊं नये इतका भरला तर तो गंडूष, सुखानें खळबळवितां आला तर तो कवल. एवढ्यावरून आपल्या पूर्वजांस सूक्ष्मजंतु ठाऊक होते असें म्हणणारे गृहस्थ पुष्कळ भेटतात. त्यांचा अभिमान आम्ही समजूं शकतों, पण अनुमान मान्य करूं शकत नाहीं. उपाय ठाऊक असणें आणि कारण ठाऊक असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केल्यानें पूर्वजांचा गौरव वाढत नाहीं. इतिहास मात्र बिघडतो.

तोंडांतले जंतु प्रत्यक्ष पाहिले ते हॉलंडांतील डेल्फ्ट येथील कापडाचे व्यापारी लेव्हेनहुक यांनीं. १६८३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं दांतांच्या फटींतील मळामध्यें वळवळणाऱ्या जीवांचें वर्णन केलें आहे. त्यांनीं तिखट शिरक्यानें चूळ भरूनही पाहिली. मळांत शिरका मिसळतांच ते जीव मरत. परंतु चूळ भरल्यानंतर दाढांमधून काढलेल्या मळांत ते जिवंतच सांपडले. शिरका मळाच्या आंत पोंचत नाहीं, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. चुळीचें सामर्थ्य व तिची मर्यादा, दोन्ही अशा रीतीनें प्रथमपासूनच नोंदलेलीं आहेत.

हे जंतु हवेंत कसे जातात, हा प्रश्न पुढचा. १८७१ च्या सुमारास लिस्टर यांनीं शस्त्रक्रियेच्या वेळीं कार्बोलिक ॲसिडाचे तुषार हवेंत उडविण्यास प्रारंभ केला. पण हवेंतील जंतूंपेक्षां हातांवरील व हत्यारांवरील जंतु अधिक घातक, हें कळून आल्यावर १८९० सालीं बर्लिनच्या वैद्यक परिषदेंत त्यांनीं आपली चूक उघडपणें कबूल केली. १८९७ सालीं ब्रेस्लाव येथें फ्ल्यूगे यांनीं दाखविलें कीं, नुसतें बोलतांनाही तोंडांतून जंतुयुक्त थेंब उडतात. त्याच शहरांत मिकुलिच यांनीं त्याच वर्षीं तोंडावर जाळीदार कापड बांधून शस्त्रक्रिया केल्या.

दंतवैद्यकांत या प्रश्नास धार आली ती १९५० नंतरच्या दशकांत. दांतांवरील कीट काढणारें नवें यंत्र सेकंदास पंचवीस हजारांहून अधिक वेळां कंप पावतें, व तें तापूं नये म्हणून त्यावर पाणी सोडावें लागतें. तें पाणी लाळेसह धुक्यासारखें उडतें व त्याचे बारीक कण बराच वेळ हवेंत तरंगतात. म्हणून १९७० च्या सुमारास अमेरिकेंत आधीं चूळ भरवून हवेंतील जंतूंची मोजदाद सुरू झाली. त्याच वर्षीं डेन्मार्कमध्यें ल्यो व शिऑट यांनीं क्लोरहेक्सिडीनच्या चुळीचा प्रभाव सिद्ध केल्यानें या कामीं एक समर्थ औषधही लाभलें.

मग प्रश्न सुटला काय? २०२२ सालीं कॉक्रन संस्थेनें १७ प्रयोगांची छाननी प्रसिद्ध केली. चुळीनें उडणाऱ्या जंतूंची संख्या घटत असावी, परंतु पुरावा दुबळा आहे. आणि वैद्यांस होणारे रोग त्यानें कमी झाले काय, हें एकाही प्रयोगांत मोजलेलें नव्हतें! जंतु घटणें व रोग टळणें यांत अजून एक पायरी शिल्लक आहे.

तथापि आम्ही ती चूळ पुन्हां भरूं. लिस्टर यांनीं हवेंत गेलेल्या जंतूंचा पाठलाग केला. ही चूळ ते उगमाशींच अडवूं पाहते. तिनें मुखपट्टी, थुंकी ओढून घेणारी नळी व उघडी खिडकी यांची गरज संपत नाहीं. पण जो मनुष्य जन्मभर परक्यांच्या तोंडांपासून वीतभर अंतरावर वांकून श्वास घेतो, त्याच्यासाठीं एक मिनिट तोंड कडू करून घेण्यास आपली हरकत कां असावी?