मुधोळचा शिकारी कुत्रा

सांगली-माधवनगरकडून कृष्णा ओलांडून दक्षिणेस गेलें म्हणजे घटप्रभेच्या तीरीं मुधोळ लागतें. आज हें गांव कर्नाटकांत आहे. पूर्वी तें घोरपडे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होतें. या संस्थानाचें नांव दूरवर पोंचविलें तें एका कुत्र्यानें.

निमुळतें तोंड, खोल छाती आणि सडपातळ पाय असलेला हा कुत्रा वासावर नव्हे, तर नजरेवर शिकार करतो. राजे मालोजीराव घोरपडे यांनीं बेरड शिकाऱ्यांजवळचे हे कुत्रे हेरले, त्यांची पैदास वाढविली व एक जोडी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांस नजर केली. मान दरबारास मिळाला. परंतु विद्या मूळची रानांतली होती. ससा दिसतांच झेपावणें हा जातीचा गुण खरा. पण हांकेसरशीं परतणें आणि धरलेलें सावज न फाडतां धन्याच्या स्वाधीन करणें, हें शिकवावेंच लागतें. तें शिकविणारे व रान उठविणारे हांकारे अनामच राहिले.

१९४८ सालीं संस्थान विलीन झालें. पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा मार्ग बंद केला. मग शिकारी कुत्र्यास काम कोणतें उरलें? २०१६ सालीं मुधोळचीं कांहीं पिल्लें मेरठच्या लष्करी केंद्रांत शिक्षणासाठीं गेलीं, हें त्याचें एक उत्तर होय. राजाश्रय सरल्यावरहि ही जात टिकली. तिचे गुण टिकावयाचे, तर शिकविणाऱ्या माणसांची परंपराहि टिकली पाहिजे.