तळटीप १४ : ‘पालघर एक्सप्रेस’

१४. विरारच्या फलाटावरच्या या गप्पांतली ‘पालघर एक्सप्रेस’ म्हणजे रेल्वेगाडी नव्हे, क्रिकेटपटू शार्दूल ठाकूर (जन्म १६ ऑक्टोबर १९९१, पालघर, तेव्हा ठाणे जिल्हा) यांचे ते टोपणनाव. लोकल डहाणूपर्यंत धावू लागली एप्रिल २०१३मध्ये. त्याआधी पालघरच्या पोराला किटबॅग सांभाळत मुंबईची मैदाने गाठायची म्हणजे विरारची गर्दी चुकत नसे. ‘दर मोसमाला नवी जर्सी’ हा टोमणा त्यांच्या आयपीएलमधील भ्रमंतीवर आहे : पंजाब, पुणे, चेन्नई, दिल्ली (२०२२, १० कोटी ७५ लाख रुपये), कोलकाता, पुन्हा चेन्नई. २०२५च्या मोसमासाठीच्या लिलावात तर बोलीच लागली नाही. मग जायबंदी मोहसीन खानच्या जागी लखनौने घेतले. टोमणा मारणारा एक गोष्ट विसरतो : रणजीत त्यांचा संघ मुंबईच राहिला. २०१८मध्ये हैदराबादला कसोटी पदार्पणात अवघे १० चेंडू टाकून ते जायबंदी झाले. पुढची कसोटी थेट जानेवारी २०२१मध्ये, ब्रिस्बेनला : ७ बळी आणि पहिल्या डावात ६७ धावा. पुढे ‘ती गाबाची मॅच’ असा उल्लेख येतो, तो याच सामन्याचा.