बसवनगुडी : पगारदारांची वसाहत

बंगळूरच्या दक्षिणेस असलेल्या बसवनगुडीविषयी हल्ली जो कोणी बोलतो तो बहुधा खंतीच्या सुरात बोलतो. संगणकाच्या धंद्यातली परप्रांतीय तरुण मंडळी आली, भाडी भडकली, अंगणे आणि नारळीची झाडे असलेले कौलारू बंगले जाऊन त्यांच्या जागी तीन-तीन, चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि ज्या रस्त्यावर सकाळी सुप्रभाताशिवाय दुसरा आवाज नसे तेथे आता पहाटे दोन वाजता कचेरीतून परतणाऱ्या मोटारींची दारे आपटतात, अशी ही तक्रार आहे. तीत तथ्य नाही असे नाही. परंतु जी वसाहत मुळी बाहेरून आलेल्या पगारदार माणसांनीच मुख्यत्वे भरली, तिने बाहेरून आलेल्या पगारदारांच्या नावाने बोटे मोडावीत, हे इतिहासाची थोडीबहुत दप्तरे चाळलेल्या माणसास किंचित विनोदी वाटल्यावाचून राहत नाही.

या जागेचे खरे मूळ रहिवासी शोधायचे तर ते भुईमुगाच्या शेतांत शोधावे लागतील. सुंकेनहळ्ळी, गुट्टहळ्ळी, मावळ्ळी ही येथील जुनी खेडी. त्यांच्या शेतांच्या माथ्यावर खडकाळ टेकडी आणि टेकडीवर एकाच शिळेतून कोरलेला, सुमारे पंधरा फूट उंच व वीस फूट लांब असा प्रचंड नंदी. त्याचे मंदिर 1537 साली बंगळूर वसविणाऱ्या केंपेगौडाने बांधले अशी परंपरा आहे. पिकात शिरून शेंगा फस्त करणाऱ्या बैलाला शेतकऱ्यांनी मारले, त्याचा दगड झाला, आणि पुढे पहिले पीक त्यालाच वाहण्याचा नवस बोलला गेला, ही दंतकथा आजही प्रत्येक रहिवासी सांगतो. कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येथे कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा, भरते. परगावचे शेतकरी आपला माल रस्त्याच्या दुतर्फा ढिगांनी मांडून बसतात. ज्या शेतांसाठी हा नवस केला गेला त्यांतील एक वाफाही आज शिल्लक नाही, तरी जत्रा चालू आहे. आणि तीत शेंगा घेणाऱ्यांची संख्या पाहता ती बंद पडण्याचे चिन्हही दिसत नाही.

मराठी वाचकास या मुलखाशी आपले नाते सांगावयाचे तर ते 1638 पर्यंत मागे न्यावे लागते. विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याने केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले आणि तेथील कारभार शहाजीराजांकडे आला. पुढे हीच त्यांची जहागीर झाली. जहागीर आली म्हणजे तिच्या मागोमाग महसुलाचे हिशेब ठेवणारे कारकून, फडणीस आणि पुरोहित आले, हे वेगळे सांगावयास नको. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरास राज्य स्थापले आणि दूरच्या बंगळूरचा मुलूख सांभाळणे जड झाल्यावर तो म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयार यांस तीन लक्ष रुपयांना देण्याचा सौदा केला. सौदा पुरा होतो न होतो तोच 1687 साली मोगलांचा कासीमखान मध्ये पडला, आणि अखेर शहर वोडेयारांच्याच पदरात गेले. राज्य गेले तरी माणसे मात्र राहिली. बसवनगुडीला लागून असलेल्या गवीपुरात गोसायी मठाचे भवानी पीठ कर्नाटकातील मराठा समाजाचे पीठ म्हणून आजही नांदते आहे. त्याच गवीपुरातील गंगाधरेश्वराच्या गुहामंदिरात संक्रांतीच्या दिवशी सूर्यकिरण नंदीच्या शिंगांमधून पिंडीवर पडतो तो पाहण्यास सारे शहर लोटते, मठाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही.

तंजावरास गेलेल्या या मराठी कारकुनी परंपरेचा एक धागा दोनशे वर्षांनी पुन्हा बंगळुरास येऊन मिळाला. 1898 च्या ऑगस्टमध्ये प्लेगने शहरात प्रवेश केला. जुन्या पेठेतील अरुंद गल्ल्या, एकमेकांना चिकटलेली, उजेड-वारा नसलेली घरे आणि साचलेली गटारे यांमुळे साथ फैलावण्यास काही अडचण पडली नाही. त्या वेळी म्हैसूर सरकारने ज्यांस प्लेग कमिशनर नेमले ते विश्वनाथ पाटणकर माधवराव हे कुंभकोणच्या एका तंजावरी मराठी देशस्थ कुटुंबात 1850 साली जन्मलेले गृहस्थ होत. पुढे त्यांनी त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केली, हे महाराष्ट्रात फारसे कोणाच्या स्मरणात नाही. बडोद्याच्या नावाने आपण सयाजीरावांचे पोवाडे गातो, त्यांच्या दिवाणांची मात्र नावेही घेत नाही.

पेठेबाहेर नव्या वसाहती वसविण्याची तजवीज दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात प्लेगच्या आधीच चालू होती. प्लेगने तिला निकड आणली. उत्तरेस मल्लेश्वरम् आणि दक्षिणेस बसवनगुडी अशी ही जुळी उपनगरे त्यातून उभी राहिली. काटकोनांत छेदणारे रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, प्रत्येक घरास मोकळे आवार, आणि मैला वाहून नेणाऱ्यांसाठी घरांच्या मागून काढलेल्या अरुंद बोळी: ही सारी रचना रोगाच्या भयातून आणि त्या काळच्या आरोग्यशास्त्रावरील श्रद्धेतून जन्मास आली. या आखणीत जातीजातींना वेगवेगळे गट नेमून दिले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे; जुन्या बसवनगुडीच्या शालीनतेचे गोडवे गाताना या बोळी आणि हे गट सोईस्करपणे विसरले जातात.

नव्या घरांत येऊन राहिले कोण? पेठेतला सावकार किंवा विणकर सहसा आपले दुकान आणि माग सोडून इतक्या लांब येणारा नव्हता. आले ते मुख्यत्वे संस्थानच्या चाकरीतले लोक: शिरस्तेदार, अमलदार, कचेऱ्यांतले गुमास्ते, शाळामास्तर, वकील आणि निवृत्तिवेतनावर जगणारे वृद्ध. यांपैकी कित्येक कोलार, तुमकूर, हासन अशा जिल्ह्यांतून, कित्येक मद्रास इलाख्यातून आलेले. म्हणजे आजच्या अर्थाने उपरेच. ज्यांना बंगला बांधणे परवडले नाही ते वठारात राहिले. एका चौकाभोवती दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडे, मध्ये सामाईक नळ, आणि मालक त्याच आवारात राहून कोणाकडे पाहुणे आले याची बारकाईने दखल घेत असलेला, असे हे वठार पुण्याच्या वाड्यात वाढलेल्या माणसास अजिबात परके वाटले नसते.

या चाकरमान्या वर्गाच्या हाती एक मोठे धन होते, ते म्हणजे ठरलेली संध्याकाळ. कचेरी सुटे, दिवस अजून शिल्लक असे, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस पगार निश्चित असे. बसवनगुडीने विसाव्या शतकात कन्नड संस्कृतीस जे दिले त्यातील बराचसा भाग या ठरलेल्या संध्याकाळीतून आला, असे माझे मत आहे. मास्ती वेंकटेश अय्यंगार हे म्हैसूरच्या मुलकी सेवेतले अंमलदार, अबकारी खात्याच्या आयुक्तपदापर्यंत चढलेले. गवीपुरातील आपल्या घरात त्यांनी कथा लिहिल्या आणि त्यांस 1983 चे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले. सायंकाळी बसवनगुडीच्या क्लबात पत्ते खेळावयास जाण्याचा त्यांचा क्रम वार्धक्यातही चुकत नसे. पोथीनिष्ठ साहित्यभक्तांना हा तपशील क्षुल्लक वाटेल, मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

दुसरे नाव डी. व्ही. गुंडप्पा यांचे. ते पगारदार नव्हते, वृत्तपत्रकार होते. पण या वस्तीच्या सार्वजनिक जीवनाला त्यांनीच संस्थेचे रूप दिले, आणि त्या संस्थेस नाव दिले ते आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. 1945 साली स्थापन झालेली गोखले सार्वजनिक विचार संस्था आजही तेथे उभी आहे. नागरिकाला कायदा, अंदाजपत्रक, नगरपालिका यांचे ज्ञान असल्यावाचून लोकशाही चालणार नाही, म्हणून अभ्यासमंडळे भरवावीत आणि वाचनालय चालवावे, हा गोखल्यांच्या मार्गाचा आग्रह पुण्यात जितका टिकला त्याहून अधिक चिकाटीने तो या कन्नड पंडिताने बसवनगुडीत टिकविला. त्याच 1945 साली बी. पी. वाडिया आणि सोफिया वाडिया यांनी जवळच जागतिक संस्कृतीची संस्था आणि तिचे ग्रंथालय काढले. नॅशनल कॉलेजही त्याच वर्षीचे. त्या कॉलेजचे एच. नरसिंहय्या यांनी 1962 मध्ये सायन्स फोरम सुरू करून विज्ञानावरील व्याख्याने सामान्य श्रोत्यांना खुली केली. स्वतः ते आयुष्यभर कॉलेजच्या वसतिगृहातील एका खोलीत राहिले. या यादीत मी 1943 चे विद्यार्थी भवनही घालीन, कारण तेथील लोण्याचा डोसा खाताना जितके वादविवाद झाले तितके व्याख्यानगृहांत झाले असतील की नाही याची मला शंका आहे.

स्वातंत्र्याच्या आगेमागे शहरात मोठे सरकारी कारखाने आले: 1940 साली विमानांचा, 1948 साली टेलिफोनचा, मग हिंदुस्थान मशीन टूल्स आणि 1954 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स. अभियंत्याचे प्रस्थ वाढले. बसवनगुडीतच 1946 साली बी. एम. श्रीनिवासय्या यांनी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. खाजगी प्रयत्नातून निघालेले देशातील ते पहिले. शिरस्तेदाराचा नातू अभियंता झाला, कारखान्याच्या बसने जाऊ-येऊ लागला, आणि त्याचा मुलगा, या कॉलेजांतून पदवी घेऊन, अमेरिकेत गेला. आज ज्या बंगल्यांच्या जागी इमारती उठतात त्यांतील अनेकांचे वारस सॅन होजे किंवा डॅलसला असतात. आईबापांच्या पश्चात घर सांभाळणारा कोणी नसतो, आणि बांधकाम व्यावसायिक कागदपत्रे तयार ठेवूनच आलेला असतो. बंगला पाडण्याचा दोष भाडेकरूच्या माथी मारणाऱ्यांनी विक्रीच्या खतावर सही कोणाची असते तेही एकदा पाहावे.

संगणकाचा धंदा या शहरात आला तो याच पायावर. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांच्या हद्दीत 1978 साली 332 एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स सिटीची आखणी झाली, तेव्हा ते ठिकाण शहरापासून इतके लांब होते की तेथे कोणी कामास जाईल यावर अनेकांचा विश्वास नव्हता. पुण्यात 1981 साली सात अभियंत्यांनी स्थापलेली इन्फोसिस 1983 मध्ये बंगळुरास गेली, हे पुणेकर अजूनही उसासा टाकून सांगतात. 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने उपग्रहाच्या दुव्याने येथील काम थेट अमेरिकेशी जोडले. त्या दुव्याने आणखी एक गोष्ट घडविली, जिचा उल्लेख उद्योगाच्या इतिहासात क्वचितच येतो: येथील कामाचे घड्याळ येथील सूर्यापासून सुटले.

सांगली, लातूर, नांदेड अशा ठिकाणांहून पदवी घेऊन येणारा मराठी मुलगा किंवा मुलगी आज बसवनगुडीत खोली घेते, तेव्हा प्रथम गाठ पडते ती अनामत रकमेशी. दहा महिन्यांचे भाडे आगाऊ ठेवण्याचा रिवाज या शहरात इतका रूढ होता की मुंबई-पुण्याच्या लोकांना तो दरोडाच वाटे. अलीकडे ही रक्कम काही ठिकाणी निम्म्यावर आली आहे. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली एका महिन्याचे भाडे कापले जाते ते निराळे. मांसाहार चालणार नाही, ही अट पुष्कळ ठिकाणी अजून तोंडी सांगितली जाते. ज्यांना घर परवडत नाही ते पीजीत राहतात: एका खोलीत दोन-तीन पलंग, सकाळी उप्पीट, रात्री चपाती, आणि मालकाच्या भिंतीवर नियमांची पाटी. जुन्या वठाराचा हा सरळ वारस आहे. फरक इतकाच की, वठारातल्या बिऱ्हाडकरूची मुले त्याच चौकात लहानाची मोठी होत, आणि पीजीतला मुलगा कंपनी बदलली की खोलीही बदलतो.

त्याचा दिवस अकराच्या सुमारास सुरू होतो आणि अमेरिका जागी झाली की खरा भरास येतो. संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे ज्या वेळी वाडिया रस्त्यावरच्या सभागृहात वक्ता उभा राहतो नेमक्या त्याच वेळी, त्याची परदेशस्थ मंडळींशी बैठक असते. या मंडळींस व्याख्यानांची गोडी नाही, वाचनाचे वेड नाही, असे म्हणणाऱ्या वृद्धांशी मी म्हणूनच सहमत होऊ शकत नाही. मास्तींना बारा तासांचे वेळापत्रक आणि रात्री बाराला येणारा बिघाडाचा निरोप मिळाला असता तर क्लबातले पत्ते त्यांनीही सोडले असते; कथा सोडल्या असत्या की नाही, ते सांगता येत नाही. शनिवारी सकाळी मात्र हाच तरुण विद्यार्थी भवनाच्या दारात नाव नोंदवून तास-तास उभा राहतो, गांधी बाजारात केळी आणि फुले घेतो, भाजीवाल्या बाईशी मोडक्या कन्नडात घासाघीस करतो. 2020 च्या मार्चनंतर कंपन्यांनी घरूनच काम करण्याची मुभा दिली त्या काळात पुष्कळांना आपण राहतो ती गल्ली दिवसाच्या उजेडात प्रथमच नीट दिसली.

अलीकडच्या दोन बदलांचा उल्लेख केल्यावाचून हा वृत्तांत पुरा होणार नाही. 2017 च्या जूनमध्ये मेट्रोची हिरवी मार्गिका नॅशनल कॉलेज आणि लालबागच्या बाजूने पूर्ण झाली. 2025 च्या ऑगस्टमध्ये आर. व्ही. रोडपासून बोम्मसंद्रापर्यंतची सोळा स्थानकांची पिवळी मार्गिका सुरू होऊन इलेक्ट्रॉनिक्स सिटी तिच्यावर आली. ज्या सिल्क बोर्ड चौकात तरुणांच्या एका पिढीचे उमेदीचे तास मोटारींच्या धुरात गेले, तो चौक आता खालून पाहता येतो तसा वरूनही पाहता येतो. प्रारंभी मात्र तीनच गाड्या असल्याने दर पंचवीस मिनिटांनी एक, असा हिशेब होता. दुसरा बदल गांधी बाजाराचा. पादचाऱ्यांसाठी म्हणून तेथील मुख्य रस्ता उकरून नवा करण्याचे काम 2022 च्या सुमारास निघाले, आणि फेरीवाले, दुकानदार, झाडांचे कैवारी, मोटारवाले अशा चारही बाजूंनी त्यावर आक्षेप आले.

या वादात मोठमोठे अर्ज, निवेदने आणि सभा झाल्या, आणि त्या बहुतांशी जुन्या घरमालकांच्या पिढीने केल्या. परप्रांतीय तरुण त्यांत दिसला नाही, कारण त्याचे नाव मतदारयादीत असते ते सांगलीस किंवा लातुरास. येथील प्रभागाशी त्याचा संबंध कचऱ्याच्या गाडीपुरता. गुंडप्पांनी ज्या नागरिकासाठी संस्था काढली तो हा नव्हे, असे म्हणण्याचा मोह कोणासही व्हावा. पण मग हेही सांगितले पाहिजे की, बंगळूर महापालिकेची शेवटची निवडणूक 2015 साली झाली, तिची मुदत 2020 च्या सप्टेंबरात संपली, आणि त्यानंतरची पाच वर्षे शहराचा कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकांनी पाहिला. त्यामुळे आपला नगरसेवक कोण, या प्रश्नाला तीन पिढ्यांच्या घरमालकाकडे आणि सहा महिन्यांच्या भाडेकरूकडे एकच उत्तर होते.