राजाश्रय आणि लोकाश्रय

कलावंताच्या गुणांची चर्चा पुष्कळ होते. त्याच्या योगक्षेमाची क्वचितच. कृष्णाकाठचें सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील औंध या दोन जुन्या संस्थानांच्या इतिहासांत मात्र हा प्रश्न ठळकपणें उभा राहतो.

१८४२ च्या सुमारास कर्नाटकांतील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले. ते पाहून संस्थानाधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं पदरच्या विष्णु अमृत भावे या तरुणास तसे खेळ मराठींत, परंतु अधिक नेटके, बसविण्याची आज्ञा केली. लांकडी बाहुल्या घडविण्यांत कुशल असलेल्या भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ रचलें आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं तें राजवाड्यांत झालें. पदें सूत्रधारानें म्हणावीं आणि भाषणें पात्रांनीं प्रसंग पाहून आपल्याच शब्दांत करावीं, अशी रीत होती. कथा देवादिकांची; पण पोशाख, दिवाबत्ती आणि नटांचें पोट हीं मात्र मृत्युलोकांतलीं. त्यांस आधार राजाश्रयाचा होता.

१८५१ मध्यें आप्पासाहेब निवर्तले आणि तो आधार तुटला. आठ वर्षांचा उद्योग एका माणसाच्या आयुष्याशीं बांधलेला होता, हें तेव्हां कळून आलें. भाव्यांनीं नाटक सोडलें नाहीं; मंडळी घेऊन ते गांवोगांव हिंडले आणि १८५३ मध्यें मुंबईस ग्रँट रोडवरील नाट्यगृहांत त्यांनीं तिकीट लावून खेळ केले. दरबारचा मानकरी असलेला प्रेक्षक आतां पैसे मोजून बसूं लागला. पुढें इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या निघाल्या, त्या याच वाटेनें. लोकाश्रयानें नटाला एका धन्यापासून मुक्त केलें, पण त्याची भाकरी रोजच्या उत्पन्नावर टांगली.

औंधची गोष्ट निराळी आहे. १९०९ मध्यें गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करून घेण्यासाठीं ते चित्रकारांसह स्वतः तेथें गेले. १९३८ मध्यें त्यांनीं यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभारलें. रविवर्मा, धुरंधर यांचीं चित्रें आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची माता व मूल ही शिल्पकृति तेथें एकाच छताखालीं आलीं. १९४८ मध्यें संस्थान विलीन झालें. संग्रह विखुरला नाहीं. त्याला स्वतःची वास्तु होती, आणि पुढें सरकारनें तो सांभाळला.

दोन्ही ठिकाणीं आश्रयदाता गेला. सांगलींत नट रस्त्यावर आला, औंधांत चित्र भिंतीवर राहिलें. हा भेद केवळ दैवाचा नव्हे. चित्र एकदां पुरें झालें कीं त्याला छप्पर आणि राखणदार पुरतो. नाटक दर प्रयोगाला नव्यानें जन्मतें, आणि त्यासाठीं जिवंत माणसें पोसावीं लागतात. म्हणून संग्रहालय उभारल्यानें कला जपली जाते. नवा कलावंत त्यानें जगतोच असें नाहीं.

१९०१ मध्यें भावे वारले. त्यांच्या नांवाचें गौरवपदक आज सांगलींत रंगभूमीच्या ज्येष्ठ सेवकांस अर्पण होतें, आणि ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमिदिन म्हणून पाळला जातो. हा मान योग्यच आहे. परंतु कारकीर्दीच्या अखेरीस पडणारी शाल सुरुवातीच्या वर्षांतील उपासाची भरपाई करीत नाहीं. भाव्यांना खरी गरज १८५१ मध्यें होती. आणि प्रत्येक तरुण कलावंताच्या आयुष्यांत तें साल एकदां येतें.