सगळे पार्ट बदलले तरी बंदूक तीच : अमेरिकेतले लोक वर्षानुवर्षं एकच रायफल 'घडवत' बसतात, ती कशी?

बुलेटवाल्यांना ही गोष्ट पटकन कळेल. गाडी शोरूममधून जशी आली तशी कधीच राहत नाही. आधी हँडल बदलतं, मग सीट, मग सायलेन्सर, मग कधीतरी इंजिनाचं काम निघतं. दहा वर्षांनी मूळचं फारसं काही उरत नाही, पण आरटीओच्या लेखी गाडी तीच. कारण चासी नंबर तोच.

अमेरिकेत हाच प्रकार रायफलीच्या बाबतीत चालतो. त्या रायफलीचं नाव एआर-१५.

आधी एक गैरसमज दूर करू. एआर म्हणजे असॉल्ट रायफल नव्हे. एआर म्हणजे आर्मालाइट रायफल. आर्मालाइट ही फेअरचाइल्ड या विमान बनवणाऱ्या कंपनीची एक छोटी शाखा होती. तिथल्या युजीन स्टोनर या इंजिनिअरने १९५० च्या दशकात रायफलीत लाकूड आणि पोलादाऐवजी ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक वापरायचं ठरवलं. विमानं बनवणाऱ्यांना वजनाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. १९५९ मध्ये आर्मालाइटने या डिझाइनचे हक्क कोल्ट कंपनीला विकले. लष्कराने घेतली ती एम-१६, आणि १९६४ पासून सामान्य ग्राहकांना विकली गेली ती एआर-१५.

दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात, पण फरक मोठा आहे. लष्करी रायफलीत चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहू शकतात. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते. पुढची गोळी आपोआप जागेवर येते, पण ती सोडायला चाप पुन्हा ओढावा लागतो. सामान्य नागरिकांसाठी नव्या पूर्ण ऑटोमॅटिक बंदुका बनवणं अमेरिकेत १९८६ पासून बंद आहे.

१९७७ मध्ये स्टोनर यांच्या पेटंटची मुदत संपली आणि खरा खेळ सुरू झाला. आता हे डिझाइन कुणीही बनवू शकत होतं. बहुतेकांनी मापं तीच ठेवली. त्यामुळे एका कंपनीची नळी दुसऱ्या कंपनीच्या सांगाड्यात बसते, तिसऱ्याचा दस्ता, चौथ्याचा चाप. डेस्कटॉप कॉम्प्युटर असेंबल करावा तसं.

मग बंदूक म्हणजे नेमका कुठला भाग?

रायफलीचे दोन मुख्य भाग, वरचा आणि खालचा. वरच्या भागात नळी आणि गोळी आत ढकलणारा बोल्ट. खालच्या भागात चाप, मॅगझिनची जागा आणि मागे दस्ता. या खालच्या भागाचा जो ॲल्युमिनियमचा सांगाडा असतो त्याला लोअर रिसीव्हर म्हणतात, आणि संघीय कायद्याच्या नजरेत बंदूक म्हणजे तेवढाच तुकडा. सिरीयल नंबर त्याच्यावर असतो. तो दुकानातून घ्यायचा तर फॉर्म भरावा लागतो आणि १९९८ पासून एफबीआयच्या यंत्रणेतून पार्श्वभूमीची तपासणी होते.

नळी, बोल्ट, चाप, दस्ता हे बाकीचं सगळं मात्र बहुतेक राज्यांत बुटांच्या जोडासारखं ऑनलाइन मागवता येतं. ज्या नळीतून गोळी सुटते ती कायद्याने बंदूक नाही, आणि ज्या सांगाड्यातून एकटं काहीच सुटू शकत नाही तो बंदूक आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण वर्षानुवर्षं अपग्रेड करत राहण्याची सगळी हौस याच एका व्याख्येवर उभी आहे.

साधारण क्रम असा असतो. सुरुवात पाचशे-सहाशे डॉलरच्या साध्या रायफलीने होते. पहिला खर्च बहुधा नेम धरायच्या साधनावर होतो, म्हणजे लाल ठिपका दाखवणारी रेड डॉट साइट किंवा दुर्बीण. यावर रायफलीपेक्षा जास्त पैसे घालवणारेही कमी नाहीत. मग चाप. कारखान्यातून येणारा साधा चाप ओढायला अडीच ते चार किलोचा जोर लागतो आणि तो ओढताना खरखरतो. दीड किलोच्या आसपास सुटणारा गुळगुळीत चाप बसवला की नेम धरलेला हात कमी हलतो. त्यानंतर नळीभोवतीचं आवरण. जुन्या पद्धतीत ते नळीला टेकलेलं असतं, त्यामुळे हाताचा किंवा पट्ट्याचा दाब नळीवर येतो आणि गोळी थोडी भलतीकडे जाते. नवं आवरण फक्त मागच्या टोकाला घट्ट बसतं, नळीला कुठेच शिवत नाही.

नळी सहसा शेवटी बदलतात. हजारो गोळ्या झाडल्यावर ती आतून झिजते. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो ही काडतुसं जवळजवळ जुळी दिसतात, पण नाटोचं काडतूस .२२३ साठीच्या नळीत वापरलं तर दाब धोकादायक पातळीला जाऊ शकतो. पार्ट एकमेकांत बसतात म्हणजे ते एकमेकांसाठी बनलेत असं नाही.

खरं तर यातल्या निम्म्याअधिक खर्चाचा नेमबाजीशी फारसा संबंध नसतो. तेवढ्याच पैशांची काडतुसं आणून सराव केला तर नेम जास्त सुधारेल, हे या छंदातले जुने लोकही मान्य करतात. पण मग फोटो कशाचा टाकणार?

हौस कुठे संपते, गुन्हा कुठे सुरू होतो

नळीची लांबी १६ इंचांपेक्षा कमी झाली की ती रायफल १९३४ च्या कायद्याखाली जाते आणि आधी सरकारकडे नोंदणी लागते. त्यासाठीचा २०० डॉलरचा कर १९३४ पासून तेवढाच होता. २०२६ च्या सुरुवातीपासून तो शून्य झाला, पण नोंदणी कायम आहे. एका इंचाचा फरक तुरुंगात नेऊ शकतो.

राज्याची सीमा ओलांडली की आणखी वेगळं. ॲरिझोनात जी रायफल सर्रास चालते, तीच शेजारच्या कॅलिफोर्नियात पकड आणि दस्त्याच्या प्रकारामुळे बेकायदा ठरू शकते. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं देशभरच अशा रायफलींच्या नव्या उत्पादनावर बंदी होती. ती बंदीही ठरावीक पार्टवर बेतलेली होती, म्हणून कंपन्यांनी ते पार्ट काढून तीच रायफल विकली.

सिरीयल नंबर नसलेल्या 'घोस्ट गन'चा वाद याच व्याख्येतून आला. अर्धवट बनलेला सांगाडा विकला तर ती बंदूक की नुसता धातू? असे किटसुद्धा बंदुकीच्या नियमांत आणणारा २०२२ चा नियम सुप्रीम कोर्टाने मार्च २०२५ मध्ये कायम ठेवला. उलट सेमी-ऑटोमॅटिकचा वेग वाढवणाऱ्या 'बम्प स्टॉक'वरची बंदी त्याच कोर्टाने जून २०२४ मध्ये उठवली. २०१७ च्या लास व्हेगास गोळीबारात हल्लेखोराने हेच साधन वापरलं होतं.

आणि हा छंद नुसता छंद म्हणून पाहता येत नाही तो याचमुळे. २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, २०२२ मध्ये युवाल्डीत १९ मुलं आणि २ शिक्षिका. दोन्ही ठिकाणी याच जातीची रायफल होती. अशा कोट्यवधी रायफली अमेरिकेत घरोघरी आहेत आणि बहुतेकांतून कुणावरही गोळी सुटलेली नाही, हेही खरं. तिथला वाद या दोन वाक्यांच्या मध्ये अडकलेला आहे.

आपल्याकडे काय?

भारतात हा छंद शक्यच नाही. शस्त्र कायदा १९५९ आणि २०१६ चे नियम यांनुसार सेमी-ऑटोमॅटिक रायफल सामान्य परवान्यावर मिळत नाही. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडून परवाना मिळतो तो .३१५ ची रायफल, बारा बोअर, .३२ रिव्हॉल्व्हर अशा शस्त्रांचा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे साधारणपणे दोनच शस्त्रं ठेवता येतात. परवानगीशिवाय नळी कापून आखूड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

अमेरिकेत गेलेल्या मराठी पोरांनी मात्र एक गोष्ट नक्की माहीत करून घ्यावी. एच-१बी किंवा स्टुडंट व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं असे मोजके अपवाद सोडले, तर ही मनाई शूटिंग रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेल्या रायफलीलाही लागू होते. मित्राने हातात दिली, दोन गोळ्या झाडल्या आणि रील टाकली, तर आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच पोस्ट केलेला असतो. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई लागू नाही.