सन्मानाचे छायाचित्र आणि पाळतीचे छायाचित्र : लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहनीतीसंबंधी काही विचार

प्रास्ताविक

लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी १८५६ मध्ये स्थापन झाली. राष्ट्राच्या इतिहासातील व्यक्तींचे चेहरे एका छताखाली एकत्र करण्याच्या हेतूने उभी राहिलेली ही जगातील पहिली संस्था मानली जाते. तिचा इतिहास सामान्यतः तैलचित्रांच्या अंगाने सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो छायाचित्रांच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. कोणाचा चेहरा जतन करावयाचा आणि कशासाठी, हा अशा संस्थेपुढील मूळ प्रश्न असतो. आणि त्याचे उत्तर तैलचित्रांपेक्षा छायाचित्रांच्या बाबतीत अधिक उघडे पडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

स्थापनेचे निकष

गॅलरीची कल्पना मांडणारे फिलिप हेन्री स्टॅनहोप हे इतिहासकार आणि संसदपटू होते. १८४६ पासून त्यांनी हा विषय संसदेत लावून धरला होता. १८५६ मध्ये उमरावांच्या सभागृहातून केलेल्या तिसऱ्या प्रयत्नात त्यांना यश आले. पहिल्या विश्वस्तांत थॉमस बॅबिंग्टन मेकॉले होते. आपल्याकडे हे नाव १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे इतके रूढ झाले आहे, की त्यांच्या या दुसऱ्या उद्योगाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पुढे लवकरच थॉमस कार्लाइल हेही विश्वस्त झाले. थोर व्यक्तींचे चरित्र म्हणजेच इतिहास, हा कार्लाइल यांचा सिद्धांत सर्वपरिचित आहे. चरित्र वाचताना त्या व्यक्तीचा चेहरा समोर असणे म्हणजे हाती दिवा असण्यासारखे आहे, अशा आशयाचे विचार त्यांनी १८५४ मध्येच एका पत्रात मांडले होते.

विश्वस्तांनी आरंभीच दोन नियम ठरवले. चित्राची निवड चित्रकाराच्या गुणवत्तेवर न करता चित्रित व्यक्तीच्या कीर्तीवर करावी, हा पहिला. राजा-राणीचा अपवाद वगळता हयात व्यक्तीचे चित्र स्वीकारू नये आणि मृत्यूनंतरही दहा वर्षे वाट पाहावी, हा दुसरा. हा दुसरा नियम १९६९ पर्यंत टिकला. पहिल्या नियमाचा अर्थ असा, की ही संस्था स्वभावतः कलासंग्रहालय नव्हती, ती भिंतीवर टांगलेला चरित्रकोश होती. पहिले सचिव जॉर्ज शार्फ यांनी चित्रातील व्यक्ती खरोखर तीच आहे की नाही, याचा छडा लावण्यात आयुष्य वेचले. ठिकठिकाणची व्यक्तिचित्रे पाहून त्यांची रेखाटने करून भरलेल्या त्यांच्या वह्या आजही गॅलरीजवळ आहेत. संग्रहात नोंदले गेलेले पहिलेच चित्र शेक्सपिअरचे म्हणून ओळखले जाणारे ‘चँडॉस’ व्यक्तिचित्र होते. आणि ते शेक्सपिअरचेच आहे काय, हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही, हा योगायोगही नमूद करण्यासारखा आहे.

ओळख पटवणे हेच जर संस्थेचे ध्येय होते, तर छायाचित्र हे तिचे सर्वांत स्वाभाविक साधन ठरावयास हवे होते. डगेरोटाइपची घोषणा १८३९ ची, काचेवरील कलोडियन प्रक्रिया १८५१ ची. १८६० च्या दशकात तर मंत्री, धर्मगुरू आणि नटनट्या यांची छोटी छायाचित्रे दुकानांत विकली जात होती. तरीही दीर्घकाळ छायाचित्राला या गॅलरीत तैलचित्राच्या पंक्तीत स्थान मिळाले नाही. त्याची योग्यता संदर्भसाधनाची मानली गेली. याचे कारण केवळ कलाविषयक पूर्वग्रहात शोधणे अपुरे होईल. तैलचित्र दुर्मिळ होते, खर्चिक होते, आणि ते काढवून घेणे हीच प्रतिष्ठेची खूण होती. छायाचित्र कोणाचेही निघू शकत होते. कीर्तीची निवड करणाऱ्या संस्थेला ही सुलभताच अडचणीची वाटली असावी, असे अनुमान करता येते.

१९१७ मध्ये ‘नॅशनल फोटोग्राफिक रेकॉर्ड’ ही योजना सुरू झाली. तीत निमंत्रित मान्यवरांची छायाचित्रे वॉल्टर स्टोनमन यांनी १९५८ पर्यंत काढली; त्यांची संख्या सुमारे ७,००० भरते. येथेही यादी प्रथम आणि कॅमेरा नंतर, हाच क्रम होता.

१९१४ : दुसऱ्या वाटेने आलेली छायाचित्रे

या योजनेच्या तीन वर्षे आधी मात्र काही छायाचित्रे गॅलरीत निराळ्याच वाटेने आली होती. ती पोलिसांनी पाठवली होती.

स्त्रियांच्या मताधिकारासाठी १९०३ मध्ये मँचेस्टर येथे स्थापन झालेल्या ‘विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन’ने पुढे मालमत्तेवरील हल्ल्यांचा मार्ग स्वीकारला. तुरुंगातील स्त्रिया उपोषण करीत. प्रकृती ढासळली की त्यांना सोडावयाचे आणि सुधारली की पुन्हा पकडावयाचे, अशी तरतूद करणारा कायदा १९१३ मध्ये आला. ‘मांजर-उंदीर कायदा’ या नावाने तो ओळखला गेला. पुन्हा पकडावयाचे तर चेहरा ठाऊक हवा. परंतु या स्त्रिया कॅमेऱ्यासमोर स्थिर राहण्यास नकार देत, मान फिरवीत, तोंड वेडेवाकडे करीत. तेव्हा सरकारने दूरचे टिपणारे भिंग विकत घेतले, आणि तुरुंगाच्या आवारात फिरावयास सोडलेल्या स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या नकळत काढण्यात आली.

मँचेस्टर येथील कलादालनावरील १९१३ च्या हल्ल्यात पकडल्या गेलेल्या एव्हलिन मॅनेस्टा यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. त्या छायाचित्रास तयार होईनात, म्हणून तुरुंगातील कर्मचाऱ्याने मागून त्यांच्या गळ्याभोवती हात आवळून धरला आणि त्या स्थितीत छायाचित्र घेतले गेले. प्रसारित केलेल्या प्रतीत तो हात रंगवून झाकण्यात आला. त्या जागी गळपट्ट्यासारखे काही दिसते. बळजबरी पुसून टाकली, की तुरुंगातले छायाचित्र स्टुडिओतल्या छायाचित्रासारखे भासू लागते. छायाचित्र खोटे बोलत नाही, असे मानण्याच्या त्या काळात एका सरकारी खात्याने हे केले, हे लक्षात घेतले पाहिजे.

मार्च १९१४ मध्ये मेरी रिचर्डसन यांनी नॅशनल गॅलरीतील वेलास्केथच्या ‘रोकबी व्हीनस’वर वार केल्यानंतर लंडनमधील कलासंग्रहांत घबराट पसरली. अशी छायाचित्रे ओळींत चिकटवून, क्रमांक, नावे आणि वर्णने देऊन तयार केलेले तक्ते संग्रहालयांना धाडण्यात आले. दारावरच्या सेवकांनी ते चेहरे लक्षात ठेवावेत, ही अपेक्षा. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीलाही ते मिळाले. तरीही १७ जुलै १९१४ रोजी अ‍ॅन हंट या नावाने वावरणाऱ्या स्त्रीने तेथील एका चित्रावर खाटकाच्या सुऱ्याने वार केलेच. ते चित्र मिले यांनी काढलेले, खुद्द कार्लाइल यांचे. एका लढाऊ स्त्रीने दखल घेतल्यामुळे या चित्राचे ऐतिहासिक मोल वाढेल, अशा आशयाचे विधान तिने न्यायालयात केले. गॅलरीच्या संस्थापकांचा तर्कच तिने उलटा करून त्यांच्यापुढे ठेवला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढचा घटनाक्रम वेगाने घडला. एमेलिन पँकहर्स्ट यांचे निधन जून १९२८ मध्ये झाले, आणि जॉर्जिना ब्रॅकनबरी यांनी काढलेले त्यांचे तैलचित्र १९२९ मध्येच गॅलरीच्या संग्रहात आले. दहा वर्षांचा नियम त्यांच्या बाबतीत आड आला नाही. पोलिसी तक्त्यांना मात्र अधिक काळ वाट पाहावी लागली. रॉय स्ट्राँग संचालक असताना १९६८ मध्ये सेसिल बीटन यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले आणि त्यानंतर छायाचित्रांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. (वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला तर छायाचित्रे संग्रहित करण्याची मोकळीक १९७६ मध्ये कायद्याने द्यावी लागली.) आज लंडनच्या संग्रहात अडीच लाखांहून अधिक छायाचित्रे आहेत, आणि १९१४ चे ते तक्तेही व्यक्तिचित्रे म्हणूनच नोंदलेले आहेत. नोंदीत चित्रित व्यक्तीसाठी ‘सिटर’ हा रूढ शब्द येतो. सिटर म्हणजे चित्रासाठी बसलेली व्यक्ती. या स्त्रिया बसल्या नव्हत्या. त्यांनी बसण्यास नकार दिला होता. सूचिकाराच्या या साध्या पारिभाषिक शब्दात त्यांचा नकार नाहीसा होतो, आणि हे घडते ते त्यांचा गौरव करण्याच्या ओघात.

नाव असलेले आणि नाव नसलेले

अ‍ॅलन सेक्युला यांनी १९८६ मधील ‘द बॉडी अँड द आर्काइव्ह’ या निबंधात असे प्रतिपादन केले, की छायाचित्राची सन्मान करणारी आणि दमन करणारी अशी दोन कार्ये एकाच व्यवस्थेची अंगे आहेत. लंडनचे उदाहरण या प्रतिपादनास पुष्टी देते. तथापि त्यात एक भर घालावीशी वाटते, आणि त्यासाठी मुंबईकडे वळणे आवश्यक आहे. गॅलरीची स्थापना आणि मुंबईतील आरंभीचे छायाचित्रण एकाच साम्राज्यातील समकालीन घटना आहेत.

बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या काळातील सक्रिय छायाचित्रकार होते. म्हणजे कॅमेऱ्यामागे केवळ इंग्रज उभे होते, असे नाही. १८५६ मध्ये, गॅलरीच्या स्थापनेच्याच वर्षी, विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’चे प्रकाशन सुरू केले. जॉन्सन यांनी पुढे १८६३ व १८६६ मध्ये मुंबईतील जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यांत स्टुडिओत टिपलेल्या आकृती कापून निराळ्या दृश्यांवर चिकटवलेल्या आहेत. चित्राखाली ज्ञातीचे अथवा व्यवसायाचे नाव असते, व्यक्तीचे बहुधा नसते. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’तही बहुतांशी हीच पद्धत आहे. लंडनमध्ये नावासाठी चेहरा शोधला जात होता, आणि मुंबईत चेहरा समोर असूनही नाव विचारले जात नव्हते.

येथे एक गोष्ट ठळकपणे दिसते. १९१४ च्या तक्त्यांवरील स्त्रिया आज सन्मानाच्या संग्रहात जाऊ शकल्या, कारण पोलिसांनी त्यांची नावे लिहून ठेवली होती. पाळत ठेवणाऱ्यास नावाची गरज असते. वर्गीकरण करणाऱ्यास ती नसते. त्यामुळे जॉन्सनच्या खंडांतील मुंबईकरांना तक्त्यावरून दालनात नेण्याचा मार्गच उरलेला नाही. कितीही उदार झालेल्या संग्रहनीतीला त्यांच्या पाटीवर काय लिहावे, हे ठरवता येणार नाही. इतिहासलेखनाच्या दृष्टीने दमनाहूनही अनामिकतेने होणारी हानी अधिक भरून न येणारी आहे, असे मत यावरून मांडता येईल. ते सर्वांना मान्य होईलच असे नाही.

हा प्रश्न दूरच्या संग्रहालयांपुरता नाही. आपल्या महाविद्यालयांच्या सुवर्णमहोत्सवी, शताब्दी ग्रंथांतील समूहछायाचित्रे पाहावीत. खुर्च्यांवर बसलेल्यांची नावे डावीकडून उजवीकडे क्रमाने दिलेली असतात. उभ्या रांगेतील प्रयोगशाळा परिचर, शिपाई आणि पहिल्या काही विद्यार्थिनी यांच्यासाठी पुष्कळदा ‘इतर कर्मचारी व विद्यार्थी’ एवढाच उल्लेख असतो. त्यांतील अनेकांना ओळखणारे निवृत्त सेवक आणि प्राध्यापक अजून आपल्या गावांत आहेत. इतिहास विभागांनी ही छायाचित्रे घेऊन त्यांच्याकडे जावे, मिळालेली नावे सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने लिहावीत, आणि त्यांची एक प्रत ग्रंथालयात ठेवावी.