हट्टी अक्षरांचा जंतू

नालासोपारा-विरारमध्ये दोन आठवडे खोकला हटला नाही, की डॉक्टर थुंकीची डबी हातात देतात. मग रिपोर्टवर ‘सीबीनॅट’ किंवा ‘ट्रूनॅट’ असं काहीतरी येतं. घरच्यांना त्यातला एकच शब्द वाचायचा असतो. मला त्यामागची गोष्ट वाचावीशी वाटली.

रॉबर्ट कॉखने 1882 मध्ये टीबीचा जंतू दाखवला तो सूक्ष्मदर्शकाखाली, आणि पुढची शंभर वर्षं आपण तेच करत राहिलो. पण मिलिलिटरभर थुंकीत हजारो जंतू असल्याशिवाय तो तिथे सापडत नाही. 1983 मध्ये कॅरी मलिसला पीसीआर सुचलं. डीएनएचा हवा तो तुकडा गरम-थंड करत दुप्पट करत जायचा. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटी. आमच्या भाषेत साधा लूप.

टीबीचा डीएनए मात्र या लूपमध्ये अडतो. 1998 मध्ये त्याचा पूर्ण जीनोम वाचला गेला. सुमारे 44 लाख अक्षरं, त्यांतली 65.6 टक्के जी आणि सी. ए-टीची जोडी दोन हायड्रोजन बंधांवर धरलेली, जी-सीची तीन. त्यामुळे साखळ्या लवकर सुटत नाहीत, सुटल्या तर स्वतःवरच दुमडतात आणि एन्झाइम मध्येच थांबतं. मग मिश्रणात डीएमएसओ किंवा बीटेन घालून गाठी सैल करायच्या. त्याआधी जंतूची मेणचट भिंत फोडायची, ते वेगळंच.

1990 च्या सुमारास एक शॉर्टकट निघाला. आयएस6110 हा तुकडा जंतूत अनेकदा येतो, तोच शोधा. पण दक्षिण भारतातल्या काही जंतूंमध्ये हा तुकडा नाहीच, असं दिसलं. बाहेरची टेस्ट इथे आंधळेपणाने वापरू नये, ती अशी.

डिसेंबर 2011 मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासलेलं एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हतं. आता ‘टीबी आहे का’ एवढं पुरेसं नव्हतं. कुठलं औषध चालणार नाही, हेही लवकर कळायला हवं होतं, आणि कल्चरला तर कित्येक आठवडे लागतात. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या सुमारे 95 टक्के जंतूंत बदल असतो तो आरपीओबी जनुकाच्या 81 अक्षरांत. सीबीनॅट नेमकी तीच वाचतं, दोनेक तासांत.

फक्त त्या मशीनला एसी आणि अखंड वीज लागते. पालघरच्या पाड्यांवर कुठली? गोव्यातल्या वेर्णाच्या मोलबायोचं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. पहिली चिप टीबी सांगते. ती पॉझिटिव्ह आली, की त्याच डीएनएवर दुसरी चिप रिफाम्पिसिनचं पाहते. आणखी तासभर थांबायचं.